काश्यप गोत्राची हाडे

दि. ११ जुलै १९७२ रोजी कर्जतच्या आमच्या भातगिरणीच्या शिक्षण निधीतून हिरा सखाराम घारे, राहणार दहिवली, हिला रुपये ३३८ आणि ५० पैसे देण्यात आले. पदवीच्या पहिल्या वर्षाची फी, वसतिगृहाची अनामत आणि एका पांढऱ्या कोटाची शिलाई असा तो हिशेब होता. गिरणीचा हिशेबनीस म्हणून रक्कम मीच तिच्या हातात दिली. तिने ती तशीच पिशवीत टाकली. मी म्हटले, "मोजून घे." तिने बाहेर काढून मोजली आणि पुन्हा पिशवीत टाकली. तोंडावर ना आनंद, ना संकोच. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

हिरूचा बाप सखा आमच्याच गिरणीत हमाल. दहिवलीला त्याची थोडी भातजमीन होती. लावणी-कापणी सोडली तर बाकीचे वर्ष तो गिरणीत पोती वाहायचा. तुसाच्या धुळीत बरीच वर्षे काढल्यावर त्याला खोकला लागला आणि तो थांबेना. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला पनवेलला पाठवले. बरोबर हिरू गेली, कारण घरात इंग्रजी वाचता येणारी तीच. यंत्रावरच्या माणसाने सखाला सांगितले, "श्वास घ्या, धरून ठेवा." सखाने धरला. बटण दाबून झाले, माणूस आडोशातून बाहेर आला, त्याने प्लेट काढून घेतली, तरी सखाने श्वास सोडलेला नव्हता. शेवटी हिरू म्हणाली, "बापू, सोड आता."

सखा १९७१ च्या मार्गशीर्षात गेला. त्याचा उरलेला पगार न्यायला हिरू ऑफिसात आली तेव्हा सही करता करता म्हणाली, "प्लेट चांगली आली होती, भाऊ. श्वास नीट धरला होता त्याने." मी पगाराचे पैसे तिच्यापुढे ठेवले.

पुढच्या उन्हाळ्यात ती एक छापील माहितीपत्रक घेऊन आली. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढण्याचे शिक्षण मिळत होते. तीन वर्षे, आणि शेवटी विद्यापीठाची पदवी. गिरणीच्या मालकांनी निधीतून मदत मंजूर केली, पण अट घातली की एका परीक्षेतही ती मागे राहिली तर मदत बंद. सखाच्या पाठीमागे घरात त्याची बायको येसूबाई, हिरू आणि सखाचा धाकटा भाऊ विठू एवढीच माणसे होती. विठूचे लग्न झालेले नव्हते. जमीन तोच कसायचा आणि बोलायचा फार.

"तीन वर्सं?" तो माझ्यासमोरच पुतणीला म्हणाला. "आपला बाजारातला फोटोवाला तीन मिनटात काडतो. आनि तो तर कपड्यासकट काडतो."

"काका, आतला काढायला वेळ लागतो," हिरू म्हणाली. ती हसली नाही. विठू एकटाच हसला.

ती परिचारिकांच्या वसतिगृहात राहायची आणि शनिवारी दुपारनंतर घरी यायची. येता-जाता कधी गिरणीत डोकावायची. मी विचारले तर सांगायची. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुवायची, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत, मग पाण्यात, मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी लटकवायची. त्या औषधाने तिची नखे तपकिरी झाली होती. येसूबाई तिला राखेने हात घासायला लावायची. नखे तशीच राहायची, आणि मग येसूबाई जेवताना लेकीच्या हाताकडे न बघता वाढायची.

हिरू म्हणायची की यंत्र चालवणे सोपे आहे. अवघड काय, तर माणूस बसवणे. हात टेबलावर ठेवला की झाला. पण पाठीचा मणका, खांदा, कंबर यांचा फोटो घ्यायचा तर मांसाच्या आत हाड कुठे आहे, कसे वळले आहे ते बाहेरून अंगठ्याने चाचपून ओळखावे लागते. त्यासाठी आधी खरे हाड हातात घेऊन शिकायचे. म्हणून तिसऱ्या वर्षी विभागाच्या स्टोअरमधून दोन-दोन विद्यार्थ्यांत मिळून एक हाडांचा संच मिळे. अर्धा सांगाडा. कवटी, मणके, बरगड्या, कंबरेचे हाड, एक हात, एक पाय. सगळे खऱ्या माणसाचे. अंतिम परीक्षेआधी संच परत केल्याशिवाय दोघांपैकी कुणालाही परीक्षेचे प्रवेशपत्र मिळत नसे.

हिरूच्या संचात जोडीदार होता कमळाकर सोनावळे. खालापूरचा, बौद्ध घरातला, वडील सरकारी कचेरीत शिपाई. मुलगा हुशार आणि तोंडाने मोकळा. कुंभिवलीच्या बाजूला एका नव्या कारखान्याच्या दवाखान्यात त्याला जागा कबूल झाली होती, फक्त पदवी हातात पडायची होती. एक आठवडा संच त्याच्याकडे, एक आठवडा हिरूकडे, अशी त्यांची वाटणी होती. वसतिगृहात हाडे ठेवू देत नसत, म्हणून हिरूच्या पाळीला संच दहिवलीलाच राहायचा.

संच पत्र्याच्या एका मोठ्या बिस्किटांच्या डब्यात होता. हिरूने पहिल्यांदा तो घरी आणला तेव्हा येसूबाईला आत बिस्किटेच आहेत असे वाटले. हिरूने ओटीवर घोंगडी अंथरली आणि एक एक हाड काढून मांडायला लागली. पुढचे बोलणे मला विठूने सांगितले. तो तेव्हा ओटीवरच विळ्याला धार लावत होता.

"ह्ये काय गं?"

"हाडं हायत, आये. अभ्यासाची."

"बकऱ्याची?"

"माणसाची."

येसूबाई मागे सरली नाही. तिने जवळ येऊन पाहिले आणि विचारले, "कुनाची?"

"कुणाची म्हणजे? बेवारशी असतात. इस्पितळात मेलेली, न्यायला कुणी येत नाय."

"म्हंजे कुनी अग्नी दिला नाय."

"नाय."

"आनि ही माझ्या घरात."

"परीक्षेपुरती, आये."

येसूबाईने त्यावर भांडण केले नाही. हिरूने अभ्यास संपवून डबा बापाच्या लाकडी पेटीत ठेवला. त्या संध्याकाळी येसूबाईने देवापुढे दिवा लावला आणि दुसरी पणती पेटीवर ठेवली. डबा घरात असेल त्या आठवड्यात ती रोज तसे करायची. भाताच्या हंड्यातून पहिला घास काढून पेटीजवळ ठेवायची. हिरूने पाहिले, पण बोलली नाही. विठूला मात्र राहवले नाही. "वयनी, पाव्हन्याला कालवन बी घाला की थोडं," तो म्हणाला. येसूबाईने कालवणही घातले.

असे वर्ष गेले. १९७५ चा भाद्रपद आला. परीक्षा महिन्यावर होती आणि संच हिरूच्या पाळीला घरी होता. पितृपक्षात प्रत्येक घरात आपापल्या तिथीला पाने वाढली गेली. सखाचे पान झाले. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचे कुणी नाही, त्यांची सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी हिरू मुंबईला होती. येसूबाईने दिराला हाक मारली, पेटी उघडली आणि हाडे डब्यातून काढून सखाच्या जुन्या धोतरात बांधली.

भटजी नदीवर आले तेव्हा त्यांना आधी वाटले की सखाच्याच अस्थी काही राहिल्या असतील. बोचके पाहून ते म्हणाले, "एवढ्या?"

"ह्या दुसऱ्याच्या," येसूबाई म्हणाली.

"कुणाच्या? नाव सांगा."

"नाव नाय."

"गोत्र?"

"त्ये बी नाय."

"बरं. गोत्र माहीत नसलं की काश्यप धरतात." भटजींनी विठूकडे पाहिले. "पुरुष ना?"

विठूने वहिनीकडे पाहिले. येसूबाईने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. मग काश्यप गोत्रातल्या एका अनामिक पुरुषासाठी सगळे विधी झाले. विठूने मुंडण करून घेतले. शेवटी भटजींनी सांगितले की बोचके सोडून हाडे पाण्यात सोडा. विठूचा धीर झाला नाही. त्याने गाठी न सोडता बोचके तसेच उल्हास नदीत लोटले. नदीला अजून पावसाळ्याचे पाणी होते. ते वाहून गेलेले सगळ्यांनी पाहिले.

चार दिवस विठूच्या डोक्याची चौकशी चालली होती. चहाच्या दुकानात मी स्वतः ऐकले.

"विठ्या, कोन गेलं रं?"

"म्हाईत नाय."

"मंग टक्कल कुनासाठी?"

"वयनीला इचार."

"म्हंजे वयनीला बी म्हाईत नाय?"

"तिला ठावं नाय म्हनून तर केलं ना, येड्या."

शनिवारी हिरू घरी आली. पेटी उघडी, आत रिकामा डबा, डब्याच्या झाकणावर हळदकुंकू. येसूबाई चुलीजवळून म्हणाली, "त्याला वाटंला लावला. रागावू नको. एवड्या दिवसांचा मानूस होता."

हिरू रागावली नाही. तिने डबा पुसला आणि त्याच पावली गिरणीत आली. मी महिनाअखेरच्या बेरजेत होतो. ती समोरच्या बाकावर बसली आणि जसे घडले तसे सांगितले. आवाज नेहमीचाच.

"मग आता?" मी विचारले.

"शुक्रवारपर्यंत संच परत द्यायचा आहे. नाही दिला तर प्रवेशपत्र नाही. मला नाही आणि कमळाकरलाही नाही."

"नवा विकत मिळतो का?"

"मुंबईत एक दुकान आहे. मागच्या महिन्यात आमच्या वर्गातल्या एकाला हवा होता. दिवाळीनंतर येईल म्हणाले."

"स्टोअरकीपरला खरं सांगितलं तर?"

"त्याला हाडं हवीत, भाऊ. खरं ऐकून त्याचं कपाट भरणार नाही."

परीक्षेत मागे राहिली तर मालकांची मदत बंद होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. ती उठली आणि कमळाकरला निरोप पाठवायला गेली.

रविवारी सकाळी कमळाकर खालापूरहून आला तो थेट दहिवलीला. हिरूने मलाही बोलावले होते. ओटीवर आम्ही बसलो. कमळाकरने विठूचे डोके पाहिले आणि तो हसू दाबत म्हणाला, "काका, आमच्या मित्रासाठी तुमी फार केलंत."

"तुजा मित्र? मंग तू का नाय केलंस मुंडन?"

"आमच्यात नाय ना."

"मंग बरा सुटलास."

तेवढ्यात गजा आला. गजा नदीवर जाळे टाकायचा आणि मिळेल ते काम करायचा. खालच्या बंधाऱ्याच्या कडेला, पडलेल्या झाडाच्या फांद्यांत एक पांढरे बोचके अडकले आहे, असे तो बुधवारपासून पाहत होता. हळद दिसली म्हणून त्याने हात लावला नव्हता. विठूच्या टकलाची गोष्ट कानावर आली तेव्हा त्याचा मेळ लागला.

"तुमचंच हाय का बघा," तो म्हणाला. "माझं जाळं त्याच्याम्होरं लागत नाय. कुनाला सांगावं तर कुनी येत नाय."

कमळाकर उठून उभा राहिला. "चला. काढू."

"नाय," येसूबाई म्हणाली. ती दारात उभी होती. "दिलेलं परत घेत न्हाईत."

"मावशी, शुक्रवारपर्यंत ती हाडं जमा नाय केली तर आमची परीक्षा जाते. हिरूची बी, माझी बी."

"तुजी परीक्षा हाय, आनि त्याची गती हाय. वर्सभर त्याला डब्यात कोंडलात तुमी."

"मावशी, आमच्यात पितर नाय, पण परीक्षा हाय." या वेळी तो हसत नव्हता. "माझ्या बापानं सायकल विकली गेल्या वर्षी. वसतिगृहाच्या पैशासाठी."

येसूबाईला ते लागले असावे. तिने पदर सावरला, पण दारातून हलली नाही. "पोरा, तुला शाप नाय माझा. पन मी नाय म्हनते."

गजा काठी टेकून उभा. हिरू इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. तिने विठूला विचारले, "काका, भटजींनी काय म्हणून सोडली?"

"काय म्हनून म्हंजे? काश्यप गोत्र. नाव नाय. पुरुष."

हिरूने आईकडे पाहिले. "ती बाई होती, आये."

कमळाकरने झटकन तिच्याकडे पाहिले. त्याचे तोंड उघडले होते. मग त्याने ते मिटले आणि तो आपल्या चपलेचा अंगठा नीट करू लागला. मला वाटले, त्यालाही धक्का बसला.

"बाई?" येसूबाई म्हणाली.

"कंबरेच्या हाडावरून समजतं. बाईचं रुंद असतं."

"आनि हे आता सांगतीस?"

"तू विचारलं नव्हतंस."

येसूबाई उंबऱ्यावर खाली बसली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग विचारले, "लग्नाची?"

"ते हाडावरून समजत नाय."

"वय?"

"तुझ्याहून लहान."

"तीन वर्सं शिकून येवडंच समजतं व्हय तुमाला?" येसूबाई म्हणाली. येसूबाई मग विठूकडे वळली. "भावजी, तुमाला म्हनलं हुतं ना, इचारून घ्या म्हनून."

"कुनाला इचारू? त्या बोचक्याला?"

"बाईला पुरुषाच्या नावानं सोडली. तिला म्होरं कोन घेनार? म्हनून अडकली ती." ती उठली. "काडा. काडून आना तिला. परीक्षा झाली की परत आन, हिरू. नीट करू, तिच्या नावानं."

"आणते," हिरू म्हणाली.

संच विभागाचा होता, परीक्षेनंतर तो पुढच्या मुलांना जायचा होता, हे मला माहीत होते. कमळाकरलाही. आम्ही दोघे जोडे घालून बाहेर पडलो.

बंधाऱ्यावर गजाने आधी मोबदला ठरवला. दहा रुपये. हिरूकडे पाच होते, ते तिने दिले. कमरेला दोर बांधून गजा पाण्यात उतरला, दोर विठूने आणि कमळाकरने धरला. पाणी गढूळ होते आणि ओढ बरीच होती. एकदा गजाचा पाय सुटला आणि विठू जोरात ओरडला. मग फांदी कोयत्याने तोडून गजाने बोचके काठाला लावले आणि लगेच लांब जाऊन हात वाळूने घासायला लागला. "सोडायचं काम तुमचं," तो म्हणाला.

गाठी भिजून घट्ट झाल्या होत्या. हिरूने दाताने सोडल्या. हळद सगळ्या हाडांना लागली होती. तिने कातळावर ती क्रमाने मांडली, कवटी वर, मग मानेचे मणके, मग खाली, एकेकाचे इंग्रजी नाव मोठ्याने घेत. कमळाकर मान हलवत होता. हाताची काही बारीक हाडे नव्हती, बाकी सगळे होते. विठू थोडा दूर उभा राहून पाहत होता. सांगाड्याशेजारी बसलेल्या पुतणीला तो म्हणाला, "उंच हुती की गं बाई."

"हो," हिरू म्हणाली.

येसूबाईने हाडे घरात घेऊ दिली नाहीत. घाण म्हणून नव्हे. आता तिला वाटेत थांबवायची तर घराबाहेरच थांबवावी, असे तिचे म्हणणे. म्हणून ती गिरणीत आणली. उकड्या भाताच्या बॉयलरमागची खोली उबदार असते. तिथे मी जुनी वर्तमानपत्रे पसरून दिली. दोन दिवस एकही हमाल त्या बाजूला फिरकला नाही आणि मुकादम मला म्हणाला की पुढच्या वेळी बैलाची आणा. तिसऱ्या दिवशी हाडे कोरडी झाली. हळद पूर्ण गेली नाही.

स्टोअरकीपरने डबा उघडून वास घेतला. "काय केलंत याला?"

"धुतली," हिरू म्हणाली.

"कशानं? मसाल्यानं?" त्याने बारीक हाडांची नोंद न घेता डबा कपाटात ठेवला आणि दोघांची नावे खोडली. प्रवेशपत्रे मिळाली. परीक्षा झाली. दोघेही पास झाले, हिरू पहिल्या वर्गात. पदवी घेऊन ती घरी आली त्या दिवशी येसूबाईने तिला ओवाळले आणि विचारले, "तिला आनलीस?"

"स्टोअरने ठेवून घेतली, आये."

"कुनाकडं हाय आता?"

"दुसऱ्या पोरींकडं. पुढच्या वर्षाच्या."

येसूबाईने निरांजनाचे ताट खाली ठेवले. "मंग तिला अजून शिकवायचं हाय," ती म्हणाली, आणि जेवायला वाढायला आत गेली. त्या विषयावर मायलेकी पुन्हा बोलल्याचे मला ठाऊक नाही.

कमळाकर कुंभिवलीच्या कारखान्यात लागला. काही वर्षांनी तो कामानिमित्त गिरणीत आला होता. चहा घेताना जुन्या गोष्टी निघाल्या. मी म्हटले, ती बाई होती म्हणून तुम्ही दोघे तरलात.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "भाऊ, तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्याच संचातलं कंबरेचं हाड उचललं. हिरूला विचारलं, पुरुष की स्त्री. ती म्हणाली, पुरुष. कशावरून, तर तिने कोन दाखवला, पुढची कमान दाखवली, सगळं सांगितलं. नंतर मला विचारलं. मीही तेच सांगितलं. तो पुरुषच होता. वर्षभर आम्ही ते हाड हातात घेत होतो. पहिल्या आठवड्यातच आम्हाला माहीत होतं."

"मग त्या दिवशी ओटीवर?"

"मला आधी वाटलं, गोंधळून बोलली. मग तिचा चेहरा पाहिला."

"तू बोलला का नाहीस?"

"माझी बी परीक्षा होती ना, भाऊ."

मी हे हिरूला विचारलेले नाही. येसूबाईला सांगितलेले नाही.

हिरू आता खालापूरच्या बाजूला एका दवाखान्यात एक्स-रे विभाग सांभाळते. दहिवलीहून एसटीने जाते, संध्याकाळी परत येते. लग्न केले नाही. दोनदा बोलणी झाली. एका ठिकाणी लोकांना त्या यंत्राची भीती वाटली, दुसऱ्या ठिकाणी काय झाले ते कळले नाही. तिने नाव काढले नाही. माणसाला पाठमोरा उभा करते, खांदे पुढे घ्यायला लावते, श्वास घ्या म्हणते, धरून ठेवा म्हणते, आणि सोडा म्हणायला विसरत नाही. मी माझ्या गुडघ्यासाठी गेलो होतो तेव्हा पाहिले. माझ्याशी ती जास्त बोलली नाही आणि फोटो चांगला आला.

येसूबाई थकली आहे, पण पितृपक्ष स्वतः करते. सखाचे पान तिथीला. विठू १९८१ मध्ये गेला, त्याचे त्याच्या तिथीला. आणि नवमीला, जी सवाष्ण गेलेल्या बायकांची तिथी, त्या दिवशी एक पान जास्त. "लग्नाची हुती का नाय म्हाईत नाय, पन सवाष्ण धरली तर तिचं काय जातंय," असे ती म्हणते. त्या पानाजवळ खण आणि हिरव्या बांगड्या ठेवते. बांगड्या हिरूच कर्जतच्या बाजारातून आणते, दरवर्षी न चुकता. मागच्या वर्षी मी त्याच दुकानात उभा होतो. कासाराने तिला विचारले, "माप कुनाचं, बाई?"

"मध्यम द्या," हिरू म्हणाली. पैसे दिले आणि पुडी पिशवीत टाकून ती एसटीच्या थांब्याकडे गेली.

गजा त्या सालच्या हंगामात माथेरानला एका हॉटेलात कामाला गेला तो तिकडेच राहिला. ठरलेल्या दहा रुपयांपैकी त्याचे पाच रुपये हिरूकडून अजून येणे आहेत.